पाणीवालीची चप्पल

आता मी जे सांगणार आहे ते कोणालाही पटणार नाही. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर "काहीतरीच काय, आजोबा" म्हणून नाक मुरडायला नको. मी आयुष्यभर लिफ्ट चालवली. लिफ्टमध्ये माणसं फार वेळ थांबत नाहीत, त्यामुळे माझ्या गोष्टींना पसरायची सवय नव्हती. तळमजल्यावर राजा आजारी पडायचा, चौथ्यावर मरायचा, आणि सातव्यावर कोणी उतरणार नसेल तर पुन्हा उठून बसायचा. एक वकील तर राजाचं पुढे काय झालं या नादात तीनदा वरखाली झाला आणि तिकडे त्याची केस बुडाली. ही थाप नाही. म्हणजे तो वकील नव्हता, एवढंच.

पण ही गोष्ट लिफ्टमधली नाही. माझ्या दोन्ही किडन्या माझ्याआधी रिटायर झाल्या, तेव्हापासून एक दिवसाआड मी डायलिसिसच्या खोलीत खिडकीजवळच्या खुर्चीवर असतो. हातात दोन सुया. एकीतून रक्त बाहेर जातं, मशीनच्या गाळणीतून फिरतं, दुसरीतून परत येतं. मला ओळखीचंच काम वाटतं ते. जाताना भरलेलं, येताना रिकामं.

या खोलीतला खरा राक्षस म्हणजे तहान. आमच्यासारख्यांनी प्यायलेल्या पाण्याला बाहेर पडायची वाटच उरलेली नसते. ते अंगात साठतं आणि काट्यावर दिसतं. म्हणून आल्या आल्या वजन करायचं. प्रत्येकाचं एक कोरडं वजन ठरलेलं असतं, त्याच्यावर काटा जे दाखवेल ते पाणी, आणि तेवढं पाणी मशीनने ओढून काढायचं. हळूहळू ओढलं तर निभावतं. जास्त ओढलं, घाईने ओढलं, तर अंगातलं रक्तच कमी पडायला लागतं. बीपी घसरतं आणि माणूस बसल्या जागी विझत जातो. ओरडत नाही, धडपडत नाही. आधी फक्त एक जांभई देतो.

दंडाला पट्टा असतो, तो अधूनमधून आवळून बीपी बघतो. पण दोन आवळण्यांच्या मधे काय? आमचे ड्रायव्हरसाहेब, लांब पल्ल्याच्या ट्रकवर उभी हयात घालवलेला दांडगा गडी, असेच एकदा बोलता बोलता वाक्याच्या मधेच गेले. आम्हाला वाटलं विचार करतायत. सिस्टरने धावत येऊन त्यांना परत आणलं, आणि त्या दिवशी आमच्या खोलीत एक नियम लागू झाला. आजोबांनी गोष्टी सांगायच्या. गोष्टीत थाप सापडली की ज्याला सापडेल त्याने मोठ्याने बोलून दाखवायची. बोलली की गोष्ट तिथेच बंद.

"थाप पकडायला डोकं जागेवर लागतं," सिस्टर म्हणाली होती, "आणि डोकं जागेवर राहायला तिथवर रक्त पोचावं लागतं. तुम्ही थापा मारा, मी बघते कोण पकडत नाही ते."

तेव्हापासून मी सरकारमान्य थापाड्या आहे.

माझ्या बरोबर समोर, हात धुवायच्या बेसिनजवळच्या खुर्चीवर टेलरताई बसायच्या. पंचेचाळिशीच्या, अंगाने काटकुळ्या, नजर अशी की माणसाचं तोंड नंतर बघतील, आधी शर्टाची शिलाई. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "आजोबा, तुमची डावी बाही उजवीपेक्षा बोटभर लांब आहे."

"बाही बरोबर आहे. हात आखूड आहे," मी म्हटलं.

"हात मी मोजलाय नजरेनं. बाहीच."

सुया लागलेल्या होत्या म्हणून वाचलो, नाहीतर उठून टेप लावला असता बाईंनी.

सुरुवातीचे दिवस त्यांचे चांगले गेले. मग कुणाची दृष्ट लागली कोण जाणे. दर खेपेला अर्ध्यावर आल्या की ओठ पांढरे, कपाळाला घाम, डोळे वर. गेल्या दोन खेपांना तर मशीन मधेच थांबवून रक्त परत द्यावं लागलं होतं. आणि दर खेपेला काट्यावर वजन ठरल्यापेक्षा जास्त.

"ताई, खरं सांगा, पाणी पिताय ना?" सिस्टर विचारायची.

"नाही."

"मग काटा खोटं बोलतो?"

"मग मी बोलते?"

त्यांची मुलगी काचेच्या दाराबाहेर बाकावर बसायची. तीही शपथेवर सांगायची की आई घोट मोजून पिते, मी स्वतः ओतून देते. सिस्टर वहीत वजन लिहायची. पण तहानलेल्या माणसाच्या शपथेवर या खोलीत कोणीच विश्वास ठेवत नाही, कारण प्रत्येकाला आपापली शपथ माहीत असते.

त्या दिवशी सकाळी डॉक्टर येऊन टेलरताईंची छाती तपासून गेले. जाताना मुलीला दारात म्हणाले, आणि आवाज खाली केला तरी खोली लहान आहे, "दोन खेपा अर्ध्यावर सुटल्या, त्यामुळे फुप्फुसात पाणी चढायला लागलंय. आज पूर्ण चार तास व्हायलाच हवेत. आजही अर्ध्यावर सोडावं लागलं तर आत भरती करावं लागेल. आणि तिथून पुढचं मी आत्ता काही सांगू शकत नाही."

मुलगी काचेपलीकडे भिंतीला टेकून उभी राहिली. टेलरताई सिस्टरला म्हणाल्या, "आजचं काय ते करून घ्या. परवापासून मी येणार नाही. रोजचं हे मरून परत येणं मला जमत नाही."

सिस्टरने हातमोजे चढवले. तिने कामाला सुरुवात केली. सकाळची बीपीची गोळी घेतली नाही ना, हे दोनदा विचारलं. मशीनमधलं रक्त धुणारं पाणी जरा गार ठेवलं, म्हणजे रक्तवाहिन्या आखडून राहतात, सैल पडत नाहीत. अंगावर पांघरूण घातलं. डब्यातली पोळी मुलीकडे परत पाठवली, कारण पोटात अन्न गेलं की रक्त पोटाकडे धावतं. खुर्ची मागे टेकवली, पाय उचलले. सगळं करून झाल्यावर माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि आता तुम्ही."

"कसली सांगू?"

"झोप उडेल अशी."

म्हणून मी भुताची काढली.

"टेलरताई," मी म्हटलं, "ही गोष्ट कोणाला पटणार नाही. पण तुम्ही ज्या खुर्चीवर बसलाय तिचीच आहे."

"आता उठताही येत नाही," टेलरताई म्हणाल्या. "बोला."

"फार वर्षांपूर्वी त्या खुर्चीवर एक बाई बसायची. स्वभावाने लोण्यासारखी. कोणाला काही हवं-नको विचारल्याशिवाय तिला चैन पडायची नाही. पण तहान तिला सोसायची नाही. एक दिवस घरात कोणी नसताना तिने पाण्याचा जग तोंडाला लावला तो खाली ठेवलाच नाही. दुसरा भरला. तिसरा भरला. संध्याकाळी घरची माणसं आली तेव्हा ती अंथरुणावर होती. अंथरूण कोरडं, जमीन कोरडी, बाहेर ऊन. आणि बाई बुडून मेलेली."

ड्रायव्हरने पेपर खाली केला. "बुडून?"

"आतल्या पाण्यात. कोरड्या घरात बुडाली बिचारी."

कोणी हसलं नाही. आमच्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी उशीवर डोकं ठेवल्यावर छातीत तो बुडबुड आवाज ऐकलेला आहे. बेसिनचा नळ नीट बंद झाला नव्हता. थेंब पडत होता, आणि तहानलेल्यांच्या खोलीत थेंबाचा आवाज फार मोठा होतो.

"मेली, पण स्वभाव कुठे जातो. मेल्यावर ती तहानलेल्यांना पाणी देत फिरायला लागली. काचेचा जग, वरपर्यंत भरलेला, बाहेरून गार थेंब ओघळतायत. वाईट नाही हो ती. वाईट असती तर बरं झालं असतं, माणूस लांब राहिला असता. ती मायेने पाणी देते, आणि जो पितो तो तिच्याबरोबर जातो. लोक तिला पाणीवाली म्हणायला लागले."

"कोण लोक?" ड्रायव्हर म्हणाला. "मी या खोलीत तुमच्याआधीपासून आहे."

"तुम्ही घोरत होतात."

टेलरताई हसल्या. चांगलं हसल्या, दात दिसले. पट्टा आवळला, सुटला. सिस्टरने आकडा बघून मान हलवली. ठीक होतं.

"तिच्यानंतर त्या खुर्चीवर एक घड्याळवाला आला. भिंग डोळ्याला लावून माणूस वाकडा झालेला, पण कामात इतका चोख की पाणीसुद्धा औषधाच्या झाकणाने मोजून प्यायचा. तरी पठ्ठ्याचं वजन दर खेपेला जास्त. डॉक्टर म्हणाले, तू चोरून पितोस. हा म्हणाला, साहेब, माझं एक सेकंद इकडचं तिकडे होत नाही, घोट कसा होईल? पण काटा ऐकेना. काट्याने सांगितलं म्हणून मशीन जास्त पाणी ओढायचं, आणि हा अर्ध्यावर आडवा व्हायचा. तेव्हा त्याला ती दिसायला लागली. पहिल्यांदा दारात. ओले केस, हातात जग. नुसती उभी. त्याला वाटलं कोणाची तरी नातेवाईक असेल. पुढच्या खेपेला ती बेसिनपाशी होती."

टेलरताईंनी मान न हलवता डोळे बेसिनकडे नेले.

"आता त्याला कळलं वजन कुठून येतं ते. तो झोपला की ती उशाशी बसून त्याच्या तोंडात थेंब थेंब पाणी सोडायची. सकाळी उठला की उशी कोरडी आणि हा जड. सांगणार कोणाला? बायको म्हणायची, स्वप्नात प्यायलेलं पाणी काट्यावर येतं का कधी."

आणि तेव्हा टेलरताईंनी जांभई दिली.

साधी, लहान. तोंडावर हात ठेवायला गेल्या आणि हात अर्ध्यातच पांघरुणावर पडला. पट्ट्याला अजून वेळ होता. मी गोष्ट तशीच पुढे रेटली, पण मधे एक लठ्ठ थाप टाकून बघितली.

"हा घड्याळवाला कसला कारागीर होता म्हणून सांगू, टेलरताई. मनगटावरच्या घड्याळाला त्याने लंबक बसवला होता. हात हलला की टोल पडायचे."

ड्रायव्हरचं तोंड उघडलं. मी डोळे वटारले. त्याने ते मिटलं.

टेलरताई माझ्याकडे बघत होत्या. "असेल," त्या म्हणाल्या.

बोटभर बाहीवरून भांडणारी बाई म्हणाली, असेल. 

"सिस्टर," मी म्हटलं.

ती आली, हाताने पट्टा चालू केला. आकडा बघून तिचा चेहरा बदलला नाही, तो कधीच बदलत नाही, पण बोटं भरभर चालली. पाणी ओढणं अगदी मंद केलं. मशीनचं पाणी आणखी गार केलं. "ताई, डोळे उघडे ठेवा. आजोबा, थांबू नका." मग हळू आवाजात, पाठ त्यांच्याकडे करून, "इथून आणखी खाली गेलं तर मला बंद करावं लागेल."

काचेपलीकडे मुलगी उठून उभी राहिली होती. तिचा तळवा काचेवर चिकटला होता.

मी बोलत राहिलो. काय बोलतोय याकडे माझंच लक्ष नव्हतं. "तर तिसऱ्या खेपेला ती त्याच्या पायाशी आली. घड्याळवाल्याच्या कानात आवाज सुरू झाला, रिकामा हंडा नळाखाली भरावा तसा. खोलीतली माणसं लांब गेली. मशीनचा आवाज लांब गेला. अंगाला छान ऊब आली, सुई टोचेनाशी झाली, कसलीच भीती उरली नाही. फक्त घसा कोरडा. इतका कोरडा की जीभ टाळूला चिकटली. आणि ती वाकली. म्हणाली, दमलास ना रे..."

"पायाशी नाही," टेलरताई म्हणाल्या.

आवाज त्यांचा होता, पण खोल विहिरीतून आल्यासारखा. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. माझ्या खांद्यावरून मागे बघत होत्या, जिथे खिडकी आणि भिंत आहे.

"तुमच्या मागे उभी आहे. तिला इकडे यायचंय." मग त्यांची नजर खाली उतरली. "तिच्या एकाच पायात चप्पल आहे."

मी चपलेचं काही बोललो नव्हतो. गोष्ट माझी, बाई माझी, तिचे केस मी ओले केले, तिच्या हातात जग मी दिला. चप्पल मी दिली नव्हती, एकही नाही.

आणि मशीनच्या बटणावरचा सिस्टरचा हात एक क्षण तसाच राहिला. अगदी एक क्षण. मी तिला इतकी वर्षं बघतोय, तिचा हात कधी थांबत नाही.

मी मागे वळून बघितलं नाही. मला गार वाटत होतं, ते खिडकीमुळेच असणार.

मग पट्टा आवळला आणि मशीन बोंबलायला लागलं. टेलरताईंचे डोळे पांढरे झाले. सिस्टरने पाणी ओढणं बंद केलं, सलाईनची चिमटी उघडली, आणि खुर्चीचा दांडा खेचून त्यांचं डोकं खाली आणि पाय वर केले, म्हणजे असेल तेवढं रक्त डोक्याकडे यावं. खुर्ची खाली कलंडली तशी पांघरूण घसरलं. आणि टेलरताईंच्या कपड्यांतून काहीतरी निसटून फरशीवर असं आदळलं की ड्रायव्हरने पाय वर घेतले.

कात्री होती. शिलाईच्या दुकानात असते तसली, काळ्या मुठीची, वीतभराहून लांब, ओतीव लोखंडाची. मूठ घासून घासून चकचकीत झालेली.

सलाईन चालू होतं. सिस्टरने एका हाताने नाडी धरली होती, दुसऱ्या हाताने कात्री उचलली, आणि तिचं मनगट ओझ्याने खाली गेलं. तिने कात्रीकडे पाहिलं. मग कोपऱ्यातल्या वजनकाट्याकडे पाहिलं.

"हे वजन करताना अंगावर होतं?"

ऐकायला टेलरताई जागेवर नव्हत्या. सिस्टरने दार पायाने ढकलून मुलीला आत घेतलं आणि कात्री तिच्यापुढे धरली. "हे कधीपासून घेऊन येते आई?"

मुलीने कपाळाला हात लावला. "दुकानात नवीन पोरी आल्या तेव्हापासून. त्या आईच्या कात्रीने कागद कापतात. कागदाने धार जाते म्हणून ती सोडतच नाही कुठे. झोपताना उशाशी घेते. पण इथे आणते हे मला माहीत नव्हतं. नळ्यांजवळ धारदार काही नको असं तुम्ही म्हणाला होतात ना, म्हणून लपवली असणार." तिने आईच्या सैल कुडत्याची बाजू उलटली. आत कमरेपासून गुडघ्यापर्यंत एक लांबलचक खिसा होता. टीप इतकी सरळ की रेघ मारल्यासारखी. "हा बघा. हा तिनेच शिवलाय."

सिस्टरने कात्री त्या खिशाला लावून बघितली. "म्हणजे इतके दिवस," ती म्हणाली, "आम्ही हिच्यातून कात्रीचं पाणी काढत होतो."

 खरंच तसंच होतं. काटा खोटं बोलत नव्हता, टेलरताई खोटं बोलत नव्हत्या. काट्याला लोखंड आणि पाणी यातला फरक कळत नाही, एवढंच. त्याने सांगितलं इतकं जास्त, आणि मशीनने इमानदारीने तेवढं त्या काटकुळ्या अंगातून ओढलं. नसलेलं पाणी कुठून येणार? ते रक्तातून यायचं. दर खेपेला बाई आपल्या कात्रीचं ओझं स्वतःच्या रक्तातून फेडत होत्या, आणि वर चोरून पाणी पिते असा आळही सोसत होत्या.

सिस्टरने कात्री काट्यावर ठेवून बघितली, आकडे नव्याने मांडले, डॉक्टरांना फोन केला. फोनवर ऐकत राहिली, हं हं म्हणाली, ठेवला.

"काय म्हणाले?" मुलीने विचारलं.

"बीपी वर यायला लागलंय. हळू ओढून उरलेला वेळ पुरा करायचा म्हणतात. पण ती शुद्धीवर आली तरच. हाक मारल्यावर डोळे उघडणं वेगळं आणि भानावर येणं वेगळं. डोकं नीट चालतंय अशी माझी खात्री झाली पाहिजे. नाहीतर बंद करून आत न्यायचं."

"आई," मुलगी म्हणाली. "आई गं."

टेलरताईंच्या पापण्या हलल्या. "हं."

"आई, मी कोण?"

"हं," टेलरताई पुन्हा म्हणाल्या. मुलीने सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरने मान हलवली. हे पुरेसं नव्हतं.

ती सलाईनची नवी बाटली घ्यायला माझ्या खुर्चीशेजारच्या कपाटापाशी आली. तेव्हा वाकून, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "चपलेचं हिला कोणी सांगितलं?"

"मी नाही. मी तर ती बाईच मनाने रचली."

"तुम्ही यायच्या आधी होती एक. त्याच खुर्चीवर. घरी नाही वारली ती, तेवढं तुमचं चुकलं. इथून स्ट्रेचरवर नेली, एका पायात चप्पल होती. दुसरी कितीतरी दिवस बेसिनखाली पडून होती. टाकायला कोणाचा हात होईना." तिने बाटली उचलली. "गोष्ट पुरी करा, आजोबा. अर्धी सोडू नका. आज तर नाहीच."

 आयुष्यभर थापा मारल्या, पण थापेने मागून येऊन खांद्याला हात लावला असं कधी झालं नव्हतं. बेसिनचा थेंब पडतच होता. ड्रायव्हर पेपर उलटा धरून बसला होता. मुलगी आईचे तळपाय चोळत होती. आणि माझ्या मागे खिडकी होती, नुसती खिडकी, असं मी स्वतःला सांगत होतो.

"तर टेलरताई," मी म्हटलं. आवाज जरा चिरकला, तो मी खोकून सावरला. "ऐकताय ना? ती वाकली. जग त्याच्या ओठांपाशी आणला. आत बर्फ किणकिणत होता. म्हणाली, दमलास ना रे, घोटभर घे आणि चल. घड्याळवाल्याने ओठ आवळले. दातावर दात. तिने जग तिरपा केला, पाणी काठाशी आलं. एक थेंब त्याच्या हनुवटीवर पडला."

टेलरताईंच्या घशाची गाठ वरखाली झाली. डोळे मिटलेलेच.

"त्याला वाटलं, प्यावं. काय जातंय? रोज रोज ही ओढाताण. रोज ते काट्यावर उभं राहणं, रोज चोर ठरणं. एक घोट घेतला की सुटलो. त्याने तोंड उघडलंसुद्धा."

मुलीचे हात आईच्या पावलांवर थांबले.

"पण तोंड उघडलं आणि त्याची नजर जगात गेली. आत पाणी होतं, आणि पाण्यात त्याच्याच दुकानातली सगळी घड्याळं बुडालेली. दुरुस्तीला आलेली, लोकांची. एकेकाचा काटा थांबत चाललेला. मेलो तरी चालेल, पण कामाचा माल पाण्यात? तो असा घाबरला, असा घाबरला, टेलरताई, की त्याची बोबडी वळली. पाचावर धारण बसली. हातपाय लटलटायला लागले." मी श्वास घेतला. आणि हातात होती नव्हती ती सगळ्यात लठ्ठ थाप फेकली. "आणि बसल्या जागी त्याची चड्डी ओली झाली. थोडीथोडकी नाही. खुर्चीखाली हे एवढं थारोळं. पाणीवालीला पाय मागे घ्यावे लागले. तिची चप्पल वाहून गेली त्यात, म्हणून तर एकच राहिली."

 ड्रायव्हरचा चेहरा लाल झाला होता, गालफडं फुगली होती, पण त्या माणसाने तोंड उघडलं नाही, हे त्याचे माझ्यावर उपकार आहेत. सिस्टर बाटली हातात धरून तशीच उभी.

थेंब पडला. आणखी एक पडला.

टेलरताईंच्या कपाळावर आठी पडली. आधी बारीक, मग खोल, कोणीतरी त्यांच्यासमोर वाकडी टीप घातल्यासारखी. त्यांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. दोन्ही डोळे फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबले, आणि तिथून माझ्या डाव्या बाहीवर.

"आजोबा," त्या म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण धार होती. "ती बाई असेल खरी. मी बघितलीय तिला, तिच्याबद्दल काही बोलायचं नाही मला. पण डायलिसिसवरच्या माणसाची चड्डी ओली? कुठून आणली त्याने लघवी, उसनी? ही शुद्ध थाप आहे."